सिस्टरचे मिस्टर

आमच्या शाळेत इंग्रजीचं जेंडर दिवाळीच्या आत उरकावं लागतं. दिवाळी झाली की गावात ऊसतोडीचे ट्रक-ट्रॅक्टर लागतात. त्यात भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, म्हाताऱ्या आणि माझा निम्मा वर्ग चढतो, तो गुढीपाडव्याच्या मागंपुढं उतरतो. बीड जिल्ह्यातल्या व्याकरणाचं वेळापत्रक साखर कारखान्याच्या गाळपावर ठरतं. टेन्स आणि व्हॉइस अवघड म्हणून मागं ठेवायचं, जेंडर सोपं म्हणून आधी घ्यायचं. सोपं आहे, असं मी बावीस वर्षं समजत होतो.

पद्धत ठरलेली. फळ्यावर दोन रकाने. डावीकडं मॅस्क्युलिन, उजवीकडं फेमिनिन. किंग-क्वीन, लायन-लायनेस, हॉर्स-मेअर. पोरं पाढ्याच्या चालीत म्हणतात. डॉगच्या समोरचा शब्द आला की मागच्या बाकावर खसखस पिकते; तो शब्द पोरांना मोबाइलनं माझ्याआधीच शिकवलेला असतो. बॅचलरच्या समोर स्पिन्स्टर लिहिलं की कुणीतरी अर्थ विचारतं. मी म्हणतो, लग्न न झालेली बाई. लगेच पुढचा प्रश्न, "आन् त्यो बॅचलर बिनलग्नाचा असून लोक त्याला पार्टी कामून मागतेत?" याला माझ्याकडं उत्तर नाही.

त्या दिवशी दोन्ही रकाने भरत आले आणि लाईट गेली. पंखा कुरकुरत थांबला. मी म्हटलं, गेलीच आहे तर सांगा, वायरमनचं फेमिनिन काय?

पोरं गप्प. दुसऱ्या बाकावरची एक काटक पोरगी उभी राहिली. "वायरमनची बायको, सर."

वर्ग फुटला. मीही हसलो. घरी जाताना मात्र रस्त्यातच हसू आटलं, कारण इंग्रजीच्या नियमानं चुकलेली ती पोरगी मराठीच्या नियमानं शंभर टक्के बरोबर होती. पाटलाची बायको पाटलीण, मास्तराची मास्तरीण, वकिलाची वकिलीण, डॉक्टरची डॉक्टरीण. पाटलिणीला पाटीलकी करावी लागत नाही, मास्तरीण खडू धरत नाही, डॉक्टरीण कुणाला सुई टोचत नाही. काम त्याचं, प्रत्यय तिचा. एक कुंभारीण तेवढी स्वतः माती कालवून स्वतःच घर बांधते, पण ती भिंतीवरची माशी. (माणसातल्या कुंभारणीही जन्मभर माती तुडवतात; चाकावर मात्र कुंभार बसतो.)

हा प्रत्यय उलटा लागला तर काय होतं, ते माझ्याइतकं जिल्ह्यात फार थोड्यांना माहीत असेल. आमची मंडळी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. गाव तिला सिस्टर म्हणतं. मी त्या गावात बदलून आलो तेव्हा ती तिथं आधीपासून सहा वर्षं होती, निम्म्या गावाच्या पोरांच्या नाळा तिनं कापलेल्या. मी पारावर गेलो की ओळख करून दिली जायची, "हे आपल्या सिस्टरचे मिस्टर." बीएबीएड, इंग्रजी विषय, बावीस वर्षं सेवा, सगळं त्या दोन शब्दांत बुडालं. पुढं पुढं तर मधली माणसं वाक्य आखडतं घेऊ लागली. "मिस्टर आले का?" म्हणजे मी. उपकेंद्राचा दरवाजा बंद दिसला की लोक माझ्याकडं येऊन जीभ दाखवायचे. मी म्हणायचो, अहो, मी इंग्रजी शिकवतो. तर म्हणायचे, "असूं द्या की. घरात ऐकूं तर येत असंल." पाटलिणीनं पिढ्यान् पिढ्या काय सोसलं असेल, ते मला तेव्हा उमगलं.

इंग्रजांचं तरी कुठं वेगळं होतं? त्यांच्याकडं मेयरेस हा शब्द बरीच शतकं मेयरच्या बायकोसाठी होता, आणि राजदूताच्या बायकोला अँबॅसड्रेस म्हणत. म्हणजे लंडनची नगराध्यक्षीण आणि आमची पाटलीण एकाच पंगतीच्या. पुढं तिकडच्या बायका स्वतःच मेयर झाल्या, शब्दाचा घोळ झाला, आणि इंग्रजांनी शेपूट छाटून टाकायचं ठरवलं. चेअरमनचा चेअरपर्सन झाला, फायरमनचा फायरफायटर, विमानातल्या एअर होस्टेसचा फ्लाइट अटेंडंट. काही ठिकाणी तर चेअरपर्सनही लांबलचक वाटला म्हणून नुसतं चेअर म्हणू लागले. माणसाला खुर्ची म्हणायचं धाडस इंग्रजीत झालं. आपल्याकडं ते लोकांच्या मनात असतं, तोंडावर येत नाही. अमेरिकेतल्या बर्कली शहरानं २०१९ साली मॅनहोलमधला मॅन काढून मेंटेनन्स होल केलं. गटारात उतरणारा मात्र तिकडंही, इकडंही बहुतेक करून पुरुषच. आणि आपल्याकडं जो उतरतो त्याच्या जातीचा प्रत्यय कुणी छाटलेला नाही, पण तो धडा माझ्या पुस्तकात नाही.

बीडनं शेपूट छाटलं नाही. बीडनं नातं जोडलं. केशरकाकू क्षीरसागर १९८०, १९८४ आणि १९९१ अशा तीनदा इथून लोकसभेवर गेल्या. त्यांना खासदारीण म्हणायचं की खासदारबाई, हा प्रश्न कुणाला पडला नाही, त्या काकूच होत्या. पुढं ताई आल्या, आणि २०२४ साली बाप्पा. बाकीच्या जिल्ह्यांतून दिल्लीला खासदार जातात, आमच्याकडून नातेवाईक जातात. कलेक्टर बाई असली तर कलेक्टर मॅडम, तहसीलदार असली तर तहसीलदार मॅडम. मॅडम हे आमचं सर्वांत लोकप्रिय स्त्रीलिंग, कुठल्याही डब्याला जोडता येणारं इंजिन. आमच्या शाळेत तर मुख्याध्यापिकेला पोरं "सर, मॅडम" अशी हाक मारतात. पहिला शब्द अधिकाराला, दुसरा बाईला.

मग सरपंचपद आलं आणि नातंही कमी पडलं.

१९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं बायकांना पंचायतीत एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. सरपंचीण म्हणावं तर जुन्या नियमानं ती सरपंचाची बायको झाली. म्हणून बाईलाही सरपंचच म्हटलं गेलं. ही लिंगनिरपेक्षता इंग्रजांच्याही पुढची. पण मग तिच्या नवऱ्याला काय म्हणायचं? तो तर रोज ग्रामपंचायतीत त्याच खुर्चीत बसलेला. मराठीनं हजार वर्षांत पहिल्यांदा बायकोच्या पदावरून नवऱ्यासाठी शब्द पाडला, सरपंचपती. शब्द पाडला तो हक्कानं बसलेल्यासाठी. माझ्यासारख्या निरुपद्रवी मिस्टरांसाठी असा भारदस्त शब्द कुणी काढला नाही.

आमच्या गावात एकदा मी सरपंचांना दाखल्यासाठी फोन लावला. नंबर पंचायतीच्या भिंतीवर बाईंच्या नावापुढं रंगवलेला. पलीकडून जाडा आवाज आला, "हां, सरपंच बोलतोय." मी म्हटलं, बाई आहेत का? तर म्हणाला, "कोण बाई?" मग जरा थांबून, "त्या व्हय, त्या रानात गेल्यात खुरपायला. सही पायजे का? सही करतो मी." इंग्रजांनी १८९७ साली आपल्याला जनरल क्लॉजेस ॲक्ट दिला. त्याच्या तेराव्या कलमात लिहिलंय की कायद्यात 'तो' म्हटलं की त्यात 'ती'ही आली असं समजावं. आमच्या पंचायतीत ते कलम उलटं लागू आहे. 'ती' निवडून आली की त्यात 'तो' आलाच.

आता परत वायरमनवर येतो, कारण पोरीचं उत्तर काही डोक्यातून जाईना. २०२० च्या टाळेबंदीत आष्टी तालुक्यातली महावितरणची एक महिला कर्मचारी खांबावर सरसर चढतानाचा व्हिडिओ देशभर फिरला. आमच्या पारावरही पोहोचला. म्हातारे चार-चारदा बघत होते. एक म्हणाला, "वायरमन बाई हाय रं." दुसरा म्हणाला, "वायरमनची बाई नव्हं, वायरमन बाई." त्या दोन वाक्यांमधल्या एका 'ची'त सगळं जेंडर आलं, माझा तासभराचा धडा वाचला. महावितरण आपल्या या माणसांना जनमित्र म्हणतं. चांगला शब्द. पण मित्र पडला पुल्लिंगी, आणि जनमैत्रीण म्हणावं तर बिल भरायला कुणी गंभीरपणे येणार नाही.

गावाला जनमित्र पटलेला नाही आणि लाईनवुमन तर उच्चारताच येत नाही. गाव वायरमनवर ठाम आहे. बरेच दिवस विचार केल्यावर मला वाटतं, गावाचंच बरोबर. इंग्रजीतला मॅन देवनागरीत उतरताना मन होतो. वायरमन, पोस्टमन, वॉचमन, चेअरमन. आणि मराठीत मन नपुंसकलिंगी, ते मन! इंग्रजांनी ज्या शेपटासाठी पन्नास वर्षं डोकं फोडलं, ते आम्ही एक मात्रा खाऊन मिटवलं. वायरमन म्हणजे ज्याचं किंवा जिचं मन वायरीत आहे. चेअरमन म्हणजे ज्याचं मन खुर्चीत आहे. आमच्या सोसायटीच्या चेअरमनांना हा अर्थ इतका तंतोतंत बसतो की मी तो स्टाफरूमच्या बाहेर काढत नाही.

सुधारलेला शब्द आमच्याकडं कसा उतरतो याचं एक उदाहरण क्रिकेटचं. एमसीसीनं सप्टेंबर २०२१ मध्ये नियमांतून बॅट्समन काढून बॅटर घातलं. मराठीत फलंदाज आधीपासून बाईलाही चालतो आणि बाप्यालाही, पण टीव्हीवर बॅटर सुरू झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या बीडचा सचिन धस एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळत होता. पारावर टीव्ही लावलेला. समालोचक सारखा बॅटर, बॅटर म्हणे. शेवटी एका आजोबांना राहवेना. "गुर्जी, बॅटर म्हंजी काय? बॅटरी ठाऊक हाय मला." त्यांनी घोडा-घोडीच्या हिशेबानं बॅटरीचा नवरा शोधला होता. सचिन ९६ वर बाद झाला आणि मी सुटलो.

इंग्रजीचा खरा अवघड पेच सर्वनामाचा. तो की ती, हे माहीत नसेल किंवा सांगायचं नसेल तर एका माणसाला 'दे' म्हणायचं. २०१९ मध्ये मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशानं 'दे'लाच वर्षाचा शब्द ठरवलं. स्टाफरूममधले तरुण सर ही बातमी मोठ्या कौतुकानं सांगत होते, एका व्यक्तीला अनेकवचन म्हणजे केवढी क्रांती! तेवढ्यात दप्तरी मामा आत आले आणि म्हणाले, "सर, मी जरा लवकर जातो. मंडळी दवाखान्यात ॲडमिट हायेत." मंडळी म्हणजे किती, हे स्टाफरूममध्ये कुणी विचारलं नाही. पिढ्यान् पिढ्या एकट्या बायकोला मंडळी म्हणणाऱ्या, तिचं नाव, लिंग, वचन तिन्ही एका शब्दात गुंडाळून टाकणाऱ्या पुरुषांना 'दे'चं काय कौतुक? वर मीही दोन पानांमागं तेच केलंय, वाचकांनी ते बघितलं असेलच.

आणखी एक गंमत. इंग्रजीत बाई असो बाप्या, 'आय केम' म्हटलं की भागतं. मराठीत मात्र बाईनं 'मी' म्हणून तोंड उघडलं की क्रियापद लगेच ओळखपत्र मागतं, आले की आलो? ती दुसऱ्या बाकावरची पोरगी दिवाळीनंतर आई-बापाबरोबर कोल्हापूरकडं फडावर गेली आणि एप्रिलात परत आली. हजेरी घेताना दारात उभी. "सर, मी आलो."

मी सवयीनं म्हटलं, आलो नाही, आले म्हण.

"तिकडं समद्या पोरी आसंच बोलतेत, सर. मी गेलो, मी जेवलो."

खरंच बोलतात. कोल्हापूरच्या पोरी 'मी जातो' ठसक्यात म्हणतात आणि त्यांचं कुणाचं काही अडत नाही. सहा महिन्यांत पोरगी शाळेत जे विसरायचं ते विसरून आली होती आणि जे मला शिकवता आलं नसतं ते शिकून आली होती. मी हजेरी मांडली.

त्याच पोरीनं मला बीड जिल्ह्यातला सर्वांत जुना आणि सर्वांत पक्का लिंगनिरपेक्ष शब्द दाखवला. मी विचारलं, तुमच्यातून किती माणसं गेली होती फडावर? म्हणाली, "एक कोयता, सर." म्हणजे आई आणि बाप. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादमाच्या वहीत ना तो, ना ती, नुसतं हत्यार. बर्कलीच्या नगरसेवकांनी ऐकलं तर पायी वारी करत येतील.

पण वही मिटून फडात गेलं की शब्दांना लिंग फुटतं. बाप वाकून ऊस तोडत पुढं जातो. आई मागं मोळ्या बांधते आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. त्याआधी पहाटे, सगळी कोपी झोपेत असताना, भाकरी तिनंच थापलेल्या असतात. रात्री ट्रक भरायला आला की अंधारात परत फळी. कोयता पुल्लिंगी, मोळी स्त्रीलिंगी, हे इथं व्याकरणानं नेमकं सांगितलंय. घोटाळा उचल या शब्दात आहे. उचल स्त्रीलिंगी, पण घेतो तो. अंगठा किंवा सही त्याची, नोटा त्याच्या हातात, आणि फेडतात दोघं.

खाडा हाही शब्द असाच समदर्शी. जोडीतलं कुणीही एक दिवस फडावर आलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. बाईचा वेगळा, बाप्याचा वेगळा असा दुजाभाव नाही. २०१९ साली आमच्या ऊसतोड बायकांच्या काढलेल्या गर्भपिशव्यांचा प्रश्न विधिमंडळात गेला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तेव्हा त्या समदर्शी शब्दामागं कुणाचं पोट दुखत होतं ते बाहेर आलं. आमच्या सिस्टरनं ते आधीपासून बघितलेलं. त्या वर्षी घरात जेवताना ती फार बोलायची नाही.

माझ्या फळ्यावरचे दोन रकाने नेहमी सारखे भरतात, किंगसमोर क्वीन आलीच पाहिजे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली निघाल्या. उजवीकडच्या रकान्यात १९३ जागा कोऱ्या. फळ्यावर असं झालं असतं तर मी पोरांचे कान उपटले असते.

असो. हिशेबाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. कंडक्टर विचारतो, किती? मी म्हणतो, एक फुल, एक महिला. ही भाषा आता एवढी रुळली की आमचे शेजारी लग्नातलं जेवणही त्याच हिशेबानं सांगतात. तर बघा, मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक. कंडक्टरच्या मशीनमध्ये दीड. दोघं मिळून दोन होतात फक्त रेशनच्या दुकानात, माणशी पाच किलो. आणि तिथं २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं कुटुंबप्रमुख म्हणून नाव घरातल्या मोठ्या बाईचं. एकदा दुकानदारानं आमच्या पुढच्या माणसाला विचारलं, कुटुंबप्रमुख कोण? तो छातीवर हात ठेवून म्हणाला, मी. दुकानदारानं कार्ड वाचलं. "इथं सखुबाई लिवलंय." माणूस दचकला. म्हणाला, "ती आमची मंडळी. कवा झाली परमुख?"

पोरगी दहावी झाली. मार्क बेतानं पडले, इंग्रजीत पस्तीसला तीन जास्त. तिनं आयटीआयचा फॉर्म भरायला माझ्याकडंच आणला. आता फॉर्मवर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग बापाचं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांना सरकारी कागदांवर ते बंधनकारक आहे, हिचा जन्म कितीतरी आधीचा, तरी तिनं आईचं नाव मधे घुसवलंच. मी खोडलं नाही. कोणता ट्रेड, म्हटलं. तर रकान्यात बोट ठेवून म्हणाली, "ह्यो." मी विचारलं, बघून सांग, खांबावर चढावं लागतं. म्हणाली, "फळीवर चढलोय की, सर." चढलोय म्हणाली. यावेळी मी दुरुस्त केलं नाही.

तिच्या ओळखपत्रावर ट्रेडचं नाव मराठीत 'तारतंत्री' छापलंय आणि इंग्रजीत 'वायरमन'. आई-बाप यंदाही दिवाळीनंतर कोल्हापूरकडं गेले. मुकादमाच्या वहीत एक कोयता.